पंखा चालू होता

फिरत्या दवाखान्याची गाडी मी चार वर्षं ओढली. म्हणजे जीप मी चालवायचो आणि मागे ट्रेलर. लढाई संपल्यावर लिलावात निघालेला लष्करी ट्रेलर होता तो, बसका, पत्र्याचा. मुक्कामाला पोचलं की चार खटके सोडायचे, छप्पर पुरुषभर वर उचलायचं आणि छप्पर न् डबा यांच्या मधल्या जागेत ताडपत्री ताणून भिंती करायच्या. आत एक खाट, एक टेबल, औषधांचं कपाट. छपराच्या मधोमध भोक पाडून वीतभर पात्यांचा पंखा बसवलेला, आतली कोंदट हवा बाहेर फेकायला. तो जीपच्या बॅटरीवर चालायचा. चालायचा म्हणतो खरा, पण त्या एका हिवाळ्यात त्यानं माझ्या नाकी नऊ आणले.

आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. पोंभुर्ण्याच्या पुढं जंगलात एका गावाबाहेर आमचा मुक्काम पडला होता. माणसं तीनच: नागपूरकडचे डॉक्टर, वरोऱ्याची नर्सबाई आणि मी. डॉक्टर-नर्स तंबूत, मी जीपमध्ये. मी याच मुलखातला. आधी लाकडाच्या ठेक्यावर लॉरी चालवलेली, त्यामुळे मशीनमधलं सगळं मलाच कळतं असा माझा गैरसमज, आणि तो मी चारचौघांत मिरवायचोही.

पंख्याचा रोग असा. सकाळी बटन दाबलं की नुसता हुंकार द्यायचा आणि टप् करून फ्यूज उडायचा. दुपारी नवी फ्यूजतार टाकली की मुकाट फिरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. पहिल्या दिवशी मी बॅटरीला शिव्या दिल्या, पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी बटन खोललं, कानशीनं घासलं. डॉक्टर म्हणाले, "काय मिस्त्री, रोगी दगावते का आता?" मी चिडलो. म्हटलं, "तुम्ही नाडी पाहा जी, वायर मी पाहून घेतो."

तिसऱ्या दिवशी चोर सापडला. म्हणजे सापडला असं वाटलं. छपराच्या कडेला वायरीचं कातडं खारीनं कुरतडलं होतं, आतली तांब्याची तार पत्र्याला टेकत होती. मी तिला पट्टी गुंडाळली, मोटारीचे ब्रश साफ केले, पंख्याच्या दांड्याला रोजच्यासारखं तेल सोडलं आणि भरदुपारी बटन दाबलं. भणाणला नुसता! नर्सबाईला हाक मारून दाखवला. डॉक्टरला तर दोनदा दाखवला.

त्याच संध्याकाळी एक बैलबंडी आली. गावातलाच एक माणूस, माझ्याच वयाचा, बायकोला घेऊन आला होता. दीड दिवसापासून ती अडली होती. डॉक्टरनं ट्रेलरमध्ये तिला मोकळं केलं. मुलगी झाली. मी बाहेर कंदील धरून उभा होतो, रडणं ऐकलं तेव्हा मलाही बरं वाटलं. रक्त फार गेलं होतं म्हणून डॉक्टर म्हणाले, दोन दिवस हिला हलवायचं नाही, इथंच राहील.

दुसऱ्या दिवशी नवरा माझ्याकडं आला. आमच्याकडं बाळंतिणीला शेक लागतो. खाटेखाली इस्तवाची शेगडी नसेल तर तिच्या अंगात वारा शिरतो, दूध आटतं, असं मानतात, आणि तेव्हाची थंडीही तशीच होती, ताडपत्रीवरचं दव सकाळी हातानं निपटावं लागायचं. त्यानं आतून सगळीकडून घोंगड्या टांगल्या होत्या. पण डॉक्टरनं आत विस्तव ठेवायला साफ नाही म्हटलेलं. नर्सबाईला दया आली. ती म्हणाली, पंखा चालत असेल तर पहाटे घटकाभर ठेवू, डॉक्टरला मी समजावते.

तो मला म्हणाला, "भाऊ, पंखा चालते ना जी?"

"चालते म्हणजे? बैल थकल, पंखा नाई थकणार."

"नाई, मले त्यातलं काई समजत नाई म्हणून विचारलो."

"तू खुशाल ठेव शेगडी," मी म्हटलं.

सकाळी तो पंखा एकदा लावून पाहावा हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुपारी चालला ना, मग झालं.

पुढच्या दिवशी उजाडता उजाडता त्यानं घरून शेगडी आणली, लाल धगधगीत. डॉक्टर अजून झोपलेले, त्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं. नर्सबाईनं बटन दाबलं, आवाज झालेला तिनं ऐकला आणि ती पाणी तापवायला चुलीकडं गेली. बाळ-बाळंतीण झोपली होती. नवरा बंडीजवळ बैलांना तणस टाकत होता. मी उठलो, दात घासले, तोंड धुतलं. मग लक्षात आलं की भणभण ऐकू येत नाही.

आत गेलो तर उबेचा एक गोड, जड वास. बाई खाटेवर डोळे अर्धे उघडे ठेवून पडलेली. मी घोंगड्या ओढून काढल्या, चाकूनं ताडपत्री वरपासून खालपर्यंत फाडली, तिला काखेत धरून बाहेर दवात आणून टाकलं आणि ओरडलो. डॉक्टर धावत आले. तिच्या तोंडाला पाणी, छातीवर दाब, काय काय केलं त्यांनी. पुष्कळ वेळानं ती कण्हली आणि ओकली. ती जगली.

पोरगी जगली नाही. नर्सबाईनं तिला फडक्यातून उचललं आणि परत ठेवलं.

आता यापुढचं नीट सांगतो, कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

सगळे बाहेर बाईभोवती असताना मी आत गेलो. पंख्याचं पातं बोटानं ढकललं. हलेना. दांड्याला हात लावला तर बोटाला पांढरं, दाट काहीतरी लागलं, गोठलेल्या तुपासारखं. तेव्हा मला कळलं. मशीनचं तेल दिवाळीतच संपलं होतं, चांद्याहून नवा डबा यायला महिना लागणार होता. म्हणून मी बाजारातून टोळीचं तेल आणून कुपीत भरलं होतं. टोळी म्हणजे मोहाची बी. आमच्याकडं जे कुरकुरतं त्याला टोळीचं तेल: बंडीचा आख, दाराची बिजागरी, म्हाताऱ्यांचे गुडघे. थंडीत ते थिजतं हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. रोज दुपारी कुपी उन्हात ठेवून, पातळ करून, मीच ते पंख्याला पाजत होतो, आणि ऊन चढलं की पंखा फिरायचा. रोज सकाळी तो आखडायचा आणि मी वायरीत चोर शोधायचो. खारीचा काही दोष नव्हता.

मी दांडा मुठीत धरला. किती वेळ धरला माहीत नाही. हाताच्या उबेनं तेल सुटलं, पातं सैल झालं. मग मी उडालेली फ्यूजतार काढली, नवी टाकली, बटन दाबलं. पंखा फिरू लागला. हे मी का केलं? लपवायला केलं, असं आज म्हणता येतं. तेव्हा मनात काहीच नव्हतं, हात आपोआप चालले. पोरगी तिथंच खाटेवर होती आणि मला रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. कानात नुसती भणभण.

डॉक्टर आत आले. त्यांनी वर पाहिलं.

"पंखा चालू होता?"

पंखा तर त्यांच्या डोक्यावर फिरतच होता. मी होकाराची मान हलवली. त्यांनी नर्सबाईकडं पाहिलं, तीही म्हणाली, बटन मी दाबलं होतं, आवाज ऐकला होता. तो नुसता हुंकार होता, हे मलाच ठाऊक. मग ते नवऱ्याकडं वळले आणि आवाज चढवून म्हणाले, "मी नाही म्हटलं होतं ना! काऊन आणली शेगडी? कोळशाचा वायू एवढा, पंखा तरी किती ओढणार!"

डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, याच्यामुळं बायको तरी वाचली तुझी. मी जमिनीकडं पाहत होतो.

लहान लेकरू इकडं मोहाखाली पुरतात, झाड त्याला दूध पाजते म्हणून. त्यानं एकट्यानं खड्डा खणला. मी फावडं घ्यायला पुढं झालो, तो नाही म्हणाला. मी परत आलो, रॉकेलनं पंख्याचा दांडा धुतला, ती कुपी नाल्यात रिकामी केली आणि फाटलेली ताडपत्री शिवायला बसलो. जेवलोही. भात होता आणि वांग्याची भाजी. झोपही लागली. लोक म्हणतात, पाप खात राहते. मला महिनोन् महिने त्यानं खाल्लं नाही, आणि तेच मला जास्त वाईट वाटतं.

दोन वर्षांनी, पुसच्या महिन्यात, त्याच बाजूला पुन्हा मुक्काम पडला. सकाळी गावातले चारपाच जण आमच्या शेकोटीला येऊन बसले. तोही आला, पण दूर, चिंचेखाली उभा राहिला. अंगावर एक धोतर आणि पातळ पंचा. थंडीनं त्याचे दात वाजत होते.

मी म्हटलं, "ये ना बा, शेक घे. तिथी काऊन उभा राह्यला?"

शेकोटीजवळचा एक म्हातारा म्हणाला, "तो नाई येत जी. दोन हिवाळे झाले, इस्तवाजवळ बसत नाई. औंदा पोरगा झाला त्याले, तर बाळंतिणीले शेकबी देऊ नाई देल्ला. घरचे भांडून राह्यले."

मी उठून त्याच्याकडं गेलो. सांगायचंच ठरवून गेलो होतो, देवाशपथ. वाक्यही जुळवलं होतं: पंखा बंद होता, माझ्या तेलानं बंद होता, तुझ्या शेगडीचा दोष नाही. पाचदहा शब्दांचं काम. तेवढं ऐकून तो येऊन शेकायला बसला असता.

त्यानं मला ओळखलं. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"भाऊ! तुम्ही होय जी! माह्या इस्तवानं पोरगी गेली. तुम्ही नसते तर बायकोबी गेली असती. पोरगा झाला ना मले, तो तुमच्यामुळंच."

आणि तो वाकला, माझ्या पायांवर डोकं ठेवायला. त्याचं कपाळ बर्फासारखं गार होतं. मी पाय मागं घेतले नाहीत.