सदतीस युनिट

मुलीला दहावीचं गणित शिकवता शिकवता मी चिन्ह उलटं काढलं. गणित आमच्याच घरचं होतं. तिच्या क्लासची फी भरून खालापूरजवळच्या गावात एकट्या राहणाऱ्या आईच्या वीजबिलाला पाचशे रुपये उरायचे. स्थिर आकार एकशे तीस, युनिटला दहा. म्हणजे १०x + १३० ≤ ५००, म्हणून x ≤ ३७. सदतीसपेक्षा जास्त नको. उत्तराचा कागद मी रुबाबात आईच्या मीटरशेजारी चिकटवला, पण ≥ लिहून.

पुढचं बिल साठ युनिटांचं.

"सदतीसच्या वर पायजेत ना रं?" आई म्हणाली. "नातीनं वाचून दावलं. मी दिवसापन बल्ब ठेवला."

मी चिन्ह सुधारलं. तेव्हापासून दरमहा बरोबर सदतीस. छत्तीस नाही, अडतीस नाही. संध्याकाळी ती म्हणे मीटरसमोर स्टूल टाकून बसायची.

थंडीत आई गेली. दिवसकार्य झाल्यावर मी मेन स्विच पाडला, कुलूप लावलं. किल्ली एकच, माझ्याकडे.

बिल आलं सदतीसचं.

"सरासरीचं असेल," मी बायकोला म्हणालो. त्याच्या पुढचंही सदतीसचंच आलं. तोवर क्लासची फी वाढली होती. वीज कायमची तोडायचा अर्ज भरला आणि भरदुपारी गावी गेलो.

खिडकीतून पाहिलं, आतल्या मीटरचा आकडा खरंच पुढे सरकला होता. मेन स्विच खालीच. शेजारची काकी ओटीवर वाल पाखडत होती.

"काकी, इथे कोणी येतं का?"

"कोन नाय. सांजेला दिवा दिसतो. पन येळेवर मालवतो हां. तुज्यासारखा उधळ्या नाय."

मी कुलूप काढलं. आत स्टूल मीटरकडे तोंड करून होतं. मी ते भिंतीला लावून गेलो होतो, बहुतेक. बल्बला बोट लावलं. कोमट. पत्र्याखाली दुपारी सगळंच कोमट असतं, असं मी एसटीत कर्जतपर्यंत स्वतःला समजावत आलो. स्टूल मात्र निघताना मी जागेवरून हलवलं नव्हतं. हिंमत झाली नाही.

घरी अर्ज बायकोपुढे ठेवला, सगळं सांगितलं. आता ती हसणार, म्हणून मीच आधी थोडं हसून घेतलं. तिने अर्ज वाचला आणि चार घड्या घालून पोळपाटाखाली सरकवला.

"अहो, चैत्र लागलाय. पंखा लागेल त्यांना. मीटरजवळच्या त्या कागदावर चाळीस लिहून या. वरचे तीस रुपये मी काढते कुठूनतरी."