दोन बोल्ट, एक कापड

फौजेत मी आर्मरर होतो. तुकडीच्या बंदुका दुरुस्त ठेवणे हे माझे काम. मी खोडाळ्याचा आणि आमचा निशाणबाज त्याच भागातल्या दाभोशाचा, त्यामुळे गाववाले म्हणून आमचे जमायचे.

आमच्याकडे स्नायपर रायफली दोन. त्याची जुनी, लाकडी दस्त्याची. दुसरी तिचीच नवी आवृत्ती: दस्ता दुमडणारा, गालाची टेक खालीवर होणारी. पण गोळी आत ढकलून नळी मागून बंद करणारा बोल्ट दोन्हींचा अगदी सारखा दिसायचा. दिसायचा एवढेच. प्रत्येक बोल्ट आपापल्या रायफलीत घासून बसवलेला, आणि तिचाच नंबर त्यावर कोरलेला; दुसरीत घातला की नेम चुकायचा.

एका चांदमारीआधी मी दोन्ही बोल्ट एकाच कापडावर पुसले आणि नंबर न वाचता घातले. अदलाबदल झाली. त्या दिवशी लांबच्या निशाणावर त्याची एकही गोळी लागली नाही. संध्याकाळी नंबर पाहिले तेव्हा चूक कळली. गुपचूप बोल्ट पुन्हा जागच्या जागी घातले. दुसऱ्या दिवशी चौकशीत रायफल चोख निघाली, म्हणजे दोष माणसाचा. साहेबांना वाटले नजर गेली, पोरांना वाटले हा पितो. त्याची रायफल काढून घेतली. ‘हत्यारात दोष नाही’ हा शेरा माझ्याच हातचा.

दोघेही फौजेतून सुटून बरीच वर्षे झाल्यावर, गेल्या महिन्यात जीपने दाभोशाला गेलो. तो शेताचा बांध घालत होता, दोरी ताणून.

“एवढ्याशा बांधाला दोरी?”

“डोळ्यावर भरवसा नाय ना.”

मग मी सगळे सांगितले. त्याने कुदळ खाली ठेवली नाही.

“कोणी पाठवला तुला? माझ्या बायकोनं?”

“कोणी नाही रे.”

“मग दुसऱ्या दिवशी रायफल बरी कशी झाली?”

“मीच बोल्ट परत बदलले.”

“बघ, सगळं जुळवूनच आलास. मरायला टेकलास काय?”

त्याला पटेल असे माझ्याकडे एकच होते. “नव्या रायफलीच्या बोल्टच्या मुठीखाली खाच होती. बोटाला लागायची.”

तो आपल्या तर्जनीकडे बघत राहिला.

“त्या दिवशी लागली होती,” तो म्हणाला. “मला वाटलं, हातपण गेला.” मग हातातली कुदळ सावरून, “जा आता, जीप चुकंल.”

चढावरून मागे पाहिले. दोरी तशीच ताणलेली होती. तो बांधाच्या टोकाला ओणवा होऊन, एक डोळा मिटून बघत होता.

त्याला माझे पटले की नाही, ठाऊक नाही. शेरा मी खोटा लिहिला होता.