मालक घरी आहेत

सोफ्यावर नुसता हात फिरवून आतली कुठली स्प्रिंग मेली आहे ते ती सांगायची, म्हणून सगळे तिला सोफेवालीच म्हणत. नवऱ्याची कंबर कामातून गेली तेव्हापासून दुकान तिच्याच हातात होतं. माल आणायचा, कापड बेतायचं, खिळे ठोकायचे, सगळं तीच करी. पण गिऱ्हाइकानं भाव विचारला की बाई हमखास म्हणणार, "थांबा हं, मालकांना विचारून येते." दुकानामागच्याच घरात कॉटवर पडलेले मालक रेडिओचा आवाज जराही कमी न करता म्हणायचे, "अगं, तुला काय वाटतं ते सांग की!" मग बाहेर येऊन ती आधीच मनात ठरवलेला आकडा सांगायची. नाव मालकांचं आणि घाम हिचा!

दुकानाची जागा भाड्याची. ती खाली करायची वेळ आली आणि सोफेवालीच्या तोंडचं पाणी पळालं. नणंद मोठी खटपटी. ती म्हणाली, "वहिनी, उद्योजकतेच्या वर्गाला नाव घाल. शेवटी ज्यांची योजना पसंत पडते त्यांना वर्षभर गाळा फुकट देतात."

वर्ग पुरुषांनी भरलेला. बायका चारच, त्याही मागच्या बाकावर, दाराजवळ. घरून बोलावणं आलं तर पटकन निघता यावं ना! पहिल्याच दिवशी सरांनी प्रत्येकाला विचारलं, "धंद्याचा मालक कोण?" सोफेवाली सवयीनं बोलून गेली, "मालक घरी आहेत." वर्ग खो खो हसला. सरही हसले आणि पुढच्या माणसाकडे वळले. गट पडले तेव्हा पुरुष संचालक झाले, खजिनदार झाले. बायकांच्या वाट्याला पाहुण्यांचं स्वागत आणि टेबलावरची चादर. एवढंच शिकायचं तर घर काय वाईट होतं? सोफेवालीला ते बोचलं, तरी तिनं चादर अंथरली.

तिच्या गटातला सुतार माणूस चांगला. जुने सोफे नवे करून विकायची योजना हिची, हे तोही मानायचा. तरी म्हणाला, "काकू, परीक्षकांपुढे मी बोलतो. तुम्ही कापडाचे नमुने धरा." तिनं धरले.

शेवटच्या दिवशी परीक्षकांनी तोच प्रश्न विचारला, "मालक कोण?" सोफेवालीच्या जिभेवर जुनंच उत्तर आलं. पाठोपाठ कानात नवऱ्याचा आवाज आला, तुला काय वाटतं ते सांग की! अरे, इतकी वर्षं तो दुसरं काय सांगत होता? तिनं नमुने सुताराच्या हातात कोंबले.

"मालक मी," ती म्हणाली. "विचारा काय विचारायचं ते."

मागच्या बाकावरून तिघींनी अशा टाळ्या पिटल्या की सर दचकले.

गाळा मिळाला. पुढच्या तुकडीला सरांनी सोफेवालीलाच शिकवायला बोलावलं. म्हणाले, "माझा वर्ग अर्धा रिकामा होता आणि मला तो भरलेला वाटायचा." आता वर्गात निम्म्या बायका असतात आणि हव्या तिथे बसतात. चादर सगळे पाळीपाळीनं घालतात. पुरुषांची जरा वाकडी पडते, एवढंच.

परवा गाळ्यावर नवं गिऱ्हाईक आलं. दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या नवऱ्याला म्हणालं, "काय मालक, सोफ्याला किती पडतील?"

नवरा आत वळून ठोकाठोकीच्या वर आवाज चढवून ओरडला, "अहो मालक! गिऱ्हाईक आलंय!"

सोफेवालीच्या तोंडात खिळे होते. ते हातावर काढून घेत ती बाहेर आली आणि कुणालाही विचारायला न जाता तिनं भाव सांगितला.