जाईबाईंना झेपलं नाही म्हणे

"आईला झेपलं नाही ना, म्हणून वाटेतनंच परत फिरावं लागलं."

हे वाक्य मी माझ्या या कानांनी ऐकलं. इथे अमेरिकेत, फ्रीमाँटमध्ये, बाबासाहेबांच्या जयंतीला, हॉलमधल्या जेवणाच्या रांगेत. बोलणारा होता बुद्धभूषण, माझ्या मैत्रिणीचा, जाईचा, एकुलता एक मुलगा. हातात ताट, तोंडात भजी, आणि वर हे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कारण त्या दिवशी त्या गाडीत मीही होते.

आधी जाई कोण ते ऐका, म्हणजे मी एवढी का पेटले ते कळेल. भंडारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने उभं आयुष्य भूगोल शिकवला. शाळेत पृथ्वीचा गोल नव्हता. मागून मागून थकली, शेवटी बाजारातून मातीचा माठ आणला, पालथा घातला आणि त्याच्यावर सगळे खंड रंगवले. नवरा लवकर गेला. बुद्धभूषणला तिने एकटीने वाढवलं, इंजिनियर केलं, इकडे पाठवलं. ती रिटायर झाल्यावर त्याने तिला फ्रीमाँटला आणलं, आणि त्या दिवसापासून ही बाई सगळ्यांच्या लेखी म्हातारी झाली. आई, जिना नको. आई, एकटी बसने नको. आई, तू फक्त आराम कर. सत्तरी ओलांडली म्हणजे माणसाचं डोकं काय कपाटात ठेवून कुलूप लावायचं असतं का हो?

तिचं मागणं एकच होतं, हवाईतला मौना केआ. ज्वालामुखीचा डोंगर, हजारो वर्षं झोपलेला. दरवर्षी ती तो फळ्यावर काढायची. अर्ध्याहून जास्त समुद्राच्या पोटात आणि डोकं ढगांच्याही वर. पोरं विचारायची, "बाई, तुम्ही पाहिला?" आणि हिला "नाही रे" म्हणावं लागायचं. सूर्य मावळताना त्या डोंगराची त्रिकोणी सावली पूर्वेकडच्या ढगांवर पडते म्हणे. ती सावली तिला माथ्यावर उभं राहून बघायची होती. सोनं नको, पैठणी नको, एक सावली!

स्प्रिंग ब्रेकला, नातीच्या शाळेच्या सुटीत, ट्रिप ठरली; जाईच्या सोबतीला मीही. डॉक्टरांनी जाईला नीट तपासलं आणि सांगितलं, खुशाल जा, फक्त घाई करू नका. तरी बुद्धभूषणचं सुरूच. "आई, तू आणि शुभामावशी खालच्या स्टेशनवर थांबा ना. आम्ही पटकन वर जाऊन येतो. तुला मस्त फोटो काढून आणतो."

"फोटो मी जन्मभर पुस्तकात पाहिला," जाई म्हणाली. "मी वर येणार."

निघालो तेव्हा खाली हिलो गावात धो धो पाऊस होता. मग धुकं, मग आणखी दाट धुकं, आणि एकदम गाडी ढगांच्या वर निघाली. लख्ख ऊन! जाई लहान मुलीसारखी काचेला चिकटली. "शुभा, बघ, ढग खालीच अडकलेत. त्यांच्यावर गरम हवेचं झाकण बसलेलं असतं. म्हणून खाली पाऊस आणि वर वाळवंट."

डोंगराच्या मध्यावर ते स्टेशन, म्हणजे पर्यटकांचं थांबायचं ठिकाण. इथे निदान अर्धा तास गप्प बसा, शरीराला विरळ हवेची सवय होऊ द्या, असं तिथे सगळ्यांनाच सांगतात. जाई बसली, घोट घोट पाणी पीत. मी तिच्या शेजारी. आणि हा पठ्ठ्या? "मावशी, मी कॉलेजात असताना कळसूबाई तीनदा चढलोय, मला काही होत नाही यार." कळसूबाई! अरे, तुझ्या कळसूबाईचं शिखर त्या स्टेशनच्याही कितीतरी खाली राहिलं. पण ऐकेल तो बुद्धभूषण कसला. समोरच्या टेकडीवर फोटोसाठी धावत गेला, धावत आला, आणि सुनेने, उपासनाने, डब्यात आणलेल्या पुऱ्या-भाजीवर आडवा हात मारला. त्याची लेक मैत्री चिवड्याचं टम्म फुगलेलं पाकीट दाखवत होती, "Dad, look, it's the pressure!" तरी या माणसाला कळू नये?

स्टेशनच्या वर खडीचा रस्ता. गाडी उपासना चालवत होती. झाड नाही, गवताचं पातं नाही. लाल-काळ्या राखेचे ढीगच्या ढीग, एप्रिलातही सावलीला बर्फ, ऊन कातडीला चावतंय आणि बोटं मात्र गारठून आखडलेली. बोलताना मध्येच श्वास घ्यावा लागायचा. पण जाई ठणठणीत होती. डोळे भरलेले आणि ओठांवर हसू. मी एवढी आनंदी तिला कधीच पाहिली नव्हती.

पुढच्या सीटवरचा बुद्धभूषण मात्र गप्प झाला होता. मग डोकं फुटतंय म्हणाला. मग एकच प्रश्न दोनदा विचारला. ओठ निळसर दिसायला लागले. उपासनाने गाडी थांबवली तसा दार उघडून रस्त्याकडेला भडाभडा ओकला. मागून डोंगरावर गस्त घालणाऱ्या रेंजरची गाडी आली. त्याने एक नजर टाकली आणि सांगितलं, याला आत्ताच्या आत्ता खाली न्या.

माथा समोर दिसत होता. दुर्बिणींचे पांढरे घुमट, फार तर दोन-तीन वळणं. सूर्य अजून वर होता. रेंजर भला माणूस. जाईकडे बघून म्हणाला, "तुम्ही दोघी बऱ्या दिसताय. हव्या तर माझ्या गाडीत बसा, सूर्यास्त बघून खाली सोडतो."

जाईने माथ्याकडे पाहिलं. तेवढ्यात बुद्धभूषणने तिचा हात घट्ट धरला. "आई, तू जाऊ नको." चाळिशी उलटलेला बाप्या, दोन वर्षांच्या पोरासारखा!

"उपासना, गाडी वळव," जाई म्हणाली.

ती सावली पडली असेल तेव्हा आम्ही ढगात होतो. स्टेशनवर उतरल्यावर याचा रंग परत आला, कॉफीही प्यायला. वाटभर मी जाईचा हात धरून बसले होते.

आणि आता हा, त्याच तोंडाने, "आईला झेपलं नाही"!

त्याहून चीड आली ती ऐकणाऱ्यांची. जाई रांगेत माझ्या मागेच उभी होती, तरी तिला कोणी विचारलंसुद्धा नाही की काय झालं होतं. लगेच माना हलल्या. "या वयात कशाला काकू?" "आता घरी बसून यूट्यूबवर बघायचं." "भूषण, आईला जपतोस हं तू." जपतो म्हणे! उपासना खाली मान घालून कोशिंबीर वाढत राहिली. मी तोंड उघडणार तेवढ्यात स्टेजवरून पुकारा झाला. आमच्याकडे जयंतीला ज्येष्ठांनी दोन शब्द बोलायची पद्धत आहे. या वर्षी पाळी जाईबाईंची होती.

ती वर गेली. माईक वर्गात खडू धरावा तसा धरला.

"जय भीम. मी भाषण लिहून आणलं होतं, ते राहू द्या. मघाशी रांगेत माझा मुलगा म्हणाला, आईला झेपलं नाही. तेव्हा सांगते. मला काही झालं नव्हतं. त्रास त्याला झाला. विरळ हवेत कोणालाही होतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तो म्हणाला जाऊ नको, म्हणून मी फिरले. त्याची आई आहे, पुन्हा म्हणाला तर पुन्हा फिरेन. पण म्हातारी म्हणून फिरले नाही. तेवढं माझ्याकडून काढून घेऊ नका."

बुद्धभूषण ताट घेऊन उभाच. जाई खाली उतरली तसा पुढे झाला, "आई, अगं, मी सहज..."

"जेवून घे, गार होईल," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"शुभा," ती हळूच म्हणाली, "ऑक्टोबरात जमेल का गं तुला? आपण दोघीच."