टेलरबाईंचा रबरी सूट

टेलरबाई कुणाच्या बापाला भीत नाहीत, असं सगळी गल्ली म्हणायची. ड्रेस बिघडला म्हणून तावातावाने भांडायला आलेली बाई टेलरबाईंनी गळ्यातली टेप काढून टेबलावर आपटली की निम्मी गार व्हायची. पण याच टेलरबाईंना बादलीत तोंड बुडवा म्हटलं असतं, तर त्यांची पाचावर धारण बसली असती. लहानपणी त्या पाण्याच्या टाकीत पडल्या होत्या. कुणीतरी केसांना धरून वर ओढलं होतं. तेव्हापासून पाणी प्यायचं आणि त्याने भांडी घासायची, एवढाच काय तो संबंध.

ती भीती त्यांच्यापाशीच राहिली असती तर काही बिघडत नव्हतं. पण ती लेकीत उतरली. चिमीच्या डोक्यावर पाणी ओतताना आधी बाईच डोळे मिटायच्या, बाईच श्वास रोखायच्या. पोरगी पाहून पाहून शिकली. शाळेच्या पोहण्याच्या तलावावर तिने कठड्याला अशी मिठी मारली, की शिक्षिकेला तिचं एकेक बोट सोडवावं लागलं. "ही भीती घरून आलीय," शिक्षिका सहज बोलून गेली. बाईंच्या काळजात सुई मोडली.

पोहायला शिकवणारे सर बाईंचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनीच सुचवलं, तळ्यावर नवशिक्यांची ट्रायथलॉन आहे. थोडं पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. बाईंनी तिथल्या तिथे नाव दिलं. चिमीच्या डोळ्यांदेखत पाण्यात जायचं आणि आपल्या पायांनी बाहेर यायचं, बाकी जगाशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

"अगं, लोक आधी पोहायला शिकतात," नवरा म्हणाला. "तू म्हणजे लग्नाची तारीख काढून मग मुलगा शोधतेस!"

सायकलचं काही नव्हतं, शिवलेले कपडे पोचवताना ती रोजचीच. धावणं चिमीच्या शाळेच्या बसमागे झालेलं. पोहणं मात्र बाई रडत रडत शिकल्या, तेही कठडा हाताशी असेल तिथवरच.

तळ्याचं पाणी गार असतं म्हणून सरांनी आपल्या बायकोचा रबरी सूट दिला. "यात माणूस आपोआप तरंगतो, ताई. बिनधास्त राहा." सूट कुशीत ढगळ होता. आता, ढगळ कपडा घालून चारचौघांत जाणं म्हणजे टेलरबाईंच्या दृष्टीने दुकानाला कुलूप घालणं. आदल्या दिवशी त्यांनी दोन्ही कुशी हाताने कच्चे टाके घालून आत घेतल्या. वस्तू उसनी, म्हणून शिवण पुढे उसवता यावी अशी, ओढताच सुटणारी गाठ बाहेरून काखेत ठेवली. आरशासमोर फिरून पाहिलं. फिटिंग झकास! सरांना सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

"बघत राहायचं हं, चिमे," काठावर बाईंनी बजावलं. शिट्टी झाली.

तळ्याला कठडा नव्हता. पायाखाली तळ लागेना. कुणाची लाथ बसली, कुणाचं कोपर. पोहण्याची वाट दाखवणाऱ्या पहिल्या नारिंगी फुग्यापर्यंत बाई कशाबशा पोचल्या आणि छाती जाम झाली. श्वास आत जाईना. पुन्हा तीच टाकी, तोच अंधार. मेले मी, त्यांना वाटलं. आता नक्की मेले.

"बाई, हात वर करा, ओढून घेतो!" बुडणाऱ्यांसाठी ठेवलेल्या होडीतला होडीवाला ओरडला.

हात अर्धा वर गेलासुद्धा. पण बाईंना काठ दिसला. आईला पाण्यातून ओढून काढावं लागतं, एवढंच पोरगी जन्मभर लक्षात ठेवणार. हात खाली घेताना बोटं कुशीला लागली. शिवण ताणून दोरीसारखी झाली होती.

बाईंचं डोकं भडकलं. "इतकं आवळून कुणी शिवतं का गं, भवाने!" त्या स्वतःलाच ओरडल्या. होडीवाला बिचारा चपापला. सरांनी शिकवल्याप्रमाणे त्या उताण्या झाल्या, काखेतली गाठ चाचपली आणि ओढली. दोरा सरसर निघून आला. मग दुसऱ्या बाजूचा. हवा आत गेली. भीती काही गेली नाही, पण तिच्यासकट पोहता येईल एवढी जागा झाली.

बाई सगळ्यांच्या शेवटी काठाला लागल्या. नवरा टाळ्या वाजवत होता. चिमी त्याच्या शर्टात तोंड खुपसून उभी होती.

"पाहिलंस ना?"

शर्टातलं डोकं नाही म्हणून हललं.

"शिट्टी झाल्यापासून डोळेच उघडले नाहीत तिने," नवरा हळूच म्हणाला.

सगळं मुसळ केरात. "ताई, सायकल तिकडे!" सर पलीकडून ओरडत होते. तिथे त्यांची एकटीचीच सायकल उरली होती. बाई तिकडे वळल्या नाहीत.

"चिमे, मी परत आत जातेय. मला खूप भीती वाटतेय. तू बघशील तेव्हाच बुडी मारीन."

"नको ना, आई!"

"मलाही नकोच वाटतंय गं."

घोटा, गुडघा, कंबर. या खेपेला होडीही जवळ नव्हती. बाई काठाकडे तोंड करून थांबल्या. सर हाका मारून थकले. अखेर शर्टाआडून एक डोळा बाहेर आला. बाईंनी चिमटीत नाक धरलं, गाल फुगवले आणि खाली गेल्या.

आत काळोख होता. त्यांना वर यायची घाई झाली होती, तरी त्या थोड्या थांबल्या.

वर आल्या तेव्हा चिमीने बापाचा शर्ट सोडला होता. ती काठावर एकटी उभी होती, नाक चिमटीत, गाल फुगलेले. आईने श्वास सोडला, तेव्हा तिनेही सोडला.