बर्गरातली भज्जी

लातूरच्या बसस्टँडवर आई मला सोडायला आली ती रागातच. वेळ अमावस्या दोन दिवसांवर होती आणि मी बेंगळुरूला एका बर्गर कंपनीच्या टेस्ट किचनमध्ये रुजू व्हायला निघाले होते. घरात तूर-हरभरा सोलायचा पडलेला आणि लेक निघाली पाव भाजायला, हे तिला पटत नव्हतं. बस हलली तेव्हा खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "सणाला एकटी खाऊ नकोस, बाई. कुणाला तरी बोलव."

ज्यांनी आमच्याकडची वेळ अमावस्या पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारून पूजा होते. मग हरभरा, तूर, वाल, वाटाणा, मेथी, रानात असेल ते सगळं एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि माठातली ताकाची आंबील. बांधावरून जाणाऱ्या कुणालाही, ओळख असो नसो, हाक मारून पंगतीला बसवायचं.

बेंगळुरूत माझं काम म्हणजे लोकांना हसू येईल असे पदार्थ शोधणं. गुलाबजामचा बर्गर मी केलाय, पाणीपुरीच्या पाण्यात बुडवून खायचे फ्राइज केलेत. गावाकडच्या मैत्रिणी फोनवर विचारतात, असलं खातं तरी कोण? खूप जण खातात, बायांनो. साधा बर्गर माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून एकटा संपवतो. पण विचित्र पदार्थ कुणी एकटं मागवत नाही. एक म्हणतो, बघू तर खरं. दुसरा म्हणतो, तू घे, मी घासभर चाखतो. मला हे काम आवडतं ते त्यामुळेच.

गेल्या हिवाळ्यात मी धाडस केलं. भज्जीची टिक्की, बाजरीचा पाव, आंबिलीचा सॉस. वरिष्ठांनी तो काही दुकानांत महिनाभर मेनूवर ठेवायचं ठरवलं, त्यात नांदेडचं दुकानही होतं. मला मात्र आईची धास्ती होती. आईची पंगत मी कागदात गुंडाळून विकायला काढली होती. तिनं तोंड वाकडं केलं असतं तर तो बर्गर पुन्हा माझ्या हातून झाला नसता.

सुट्टी काढून घरी आले आणि एका दुपारी तिला नांदेडच्या दुकानात नेलं. तिनं कागद सोडला, एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली.

"हाय. भज्जीच हाय," ती म्हणाली. मला रडूच आलं.

मग तिनं उरलेल्या बर्गरचे तुकडे केले आणि शेजारच्या टेबलावरच्या कॉलेजच्या पोरींना हाक मारली, "या गं लेकींनो, जेवायला या." काउंटरवरची मुलगी धावत आली. "आजी, इथं असं न्हाई करत."

"तू बी घे. कवाची उभी हायस."

मुलीनं इकडेतिकडे पाहिलं आणि एक तुकडा तोंडात टाकला. पोरींनी टेबलं जोडली, आणखी दोन बर्गर मागवले, तेही मोडले आणि पलीकडच्या कुटुंबाला बोलावलं. दुकानात नुसता कल्ला. आई मधोमध बसून कुणाचं गाव कुठलं ते विचारत होती. निघताना मला म्हणाली, "चव बरी हाय. पण एका माणसापुरता कशाला केलास? येडी का काय?"

एवढी शिकलेली मी, आणि भज्जी एकट्याच्या मापाची केली होती. परत गेल्यावर वरिष्ठांशी भांडून भांडून तो बर्गर ताटाएवढा करून घेतला. मधून मोडायचा, चौघांनी खायचा. यंदा तो पुन्हा मेनूवर आलाय.

वेळ अमावस्येला मी ऑफिसच्या गच्चीवर सतरंजी अंथरली आणि दिसेल त्याला हाक मारली. घर म्हणजे मला आता एवढंच वाटतं, हाक मारावी आणि कुणी तरी यावं. संध्याकाळी आईचा फोन आला. काय केलंस, हे ती कधीच विचारत नाही.

"कोण कोण होतं गं?"

दरवर्षी मी एका दमात सांगते. यंदा बोटांवर मोजत बसले, तरी दोघांची नावं राहिलीच.