पोटुशींची पंगत

ज्या घरात पोटुशी बाई असेल, त्या घरात आक्का दुपारी बाराच्या सुमारास जाऊन बसायच्या आणि तिचं जेवण झाल्याशिवाय उठायच्या नाहीत. घरातल्यांनी चहा विचारला तरी घेत नसत. आक्का आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. पोरांची खिचडी उरकली की पदर खोचून निघायच्या.

लोणखेड्यापलीकडच्या या गावात मी धानोऱ्याहून सून म्हणून आले. पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी माझ्या ताटातली भाकरी अर्धी केली. "पोर मोठं व्हयनं ते बाळतपण जड जाई," त्या म्हणाल्या. त्यांच्या सासूने त्यांना तेच सांगितलं होतं. जेवायचंही सगळ्यांच्या मागून, उरेल ते. सातव्या महिन्यात उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी यायची.

आक्का पहिल्यांदा आल्या त्या थेट चुलीजवळ बसल्या. सासूबाईंनी अर्ध्या भाकरीचं कारण सांगितलं. आक्का शांतपणे म्हणाल्या, "मोठं पोर एक दिवस जड जास, बाई. बारीक पोर जलमभर जड जास." मग मला म्हणाल्या, "बठ. पह्यलं ताट तुन्हं. तुन्हं खाई व्हयनं का मंग मी उठसू." मामंजी आणि दीर अजून जेवायचे होते. मी घाबरत घाबरत दोन भाकऱ्या, डाळ आणि मेथीची भाजी खाल्ली.

आमची केळीची बाग होती. पण मला केळं वर्ज्य, पोराला सर्दी होते म्हणून. आक्कांनी अंगणातल्या घडाकडे बोट दाखवलं. "ट्रक भरी भरी केळं दिल्लीले जातस, ती चालतस. घरनी सूनले नही चालत?" मी दोन केळी सोलली.

एवढा हट्ट कशासाठी, असं मी एकदा विचारलं. त्यांचं पहिलं मूल नऊ दिवस जगलं होतं. मुठीएवढं होतं, दूध ओढायचीही ताकद नव्हती. "मी सासूनं ऐकं," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी कोणाचंच ऐकलं नाही.

मामंजींनी मात्र तक्रार केली. ही बाई घराघरांत शिरून सुना बिघडवते म्हणाले. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका बाई आल्या आणि चारचौघांत आक्कांना बजावून गेल्या, यापुढे कोणाच्या घरात जेवणाच्या वेळी बसायचं नाही. आक्कांनी मान डोलावली. "घर त्यासनं शे, मॅडम. रस्ता ते सरकारना शे ना?"

दुसऱ्या दिवशी बारा वाजता त्या गल्लीच्या मधोमध, निंबाच्या सावलीत चटई टाकून बसल्या. समोर स्वतःचा डबा. कोणाला हाक मारली नाही. मी दारातून बघत होते. मागे सासूबाई उभ्या होत्या. मी ताट वाढून घेतलं, पदर सावरला आणि उंबरा ओलांडला. "कोठे चालनी?" सासूबाईंनी विचारलं. "जेवायला," मी म्हणाले. चटईपर्यंत गेले आणि सगळ्या गल्लीदेखत पोटभर जेवले. चार दिवसांत आम्ही पाचजणी झालो. आठवड्याने मामंजींनीच निरोप धाडला, आक्कांना म्हणावं घरात येऊन बसा, रस्त्यावर शोभा नको.

माझी मुलगी चांगल्या वजनाची झाली. बाळंतपण जड गेलं, खोटं कशाला सांगू. पण दोघी धडधाकट घरी आलो.

नोकरी संपल्यावर आक्का मुलाकडे सुरतेला गेल्या. गेल्या वर्षी त्या वारल्याचा फोन आला तेव्हा सासूबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मी सांगितलं. हातातली शेंग त्यांनी न फोडताच खाली ठेवली. पाच बाळंतपणांतली दोनच मुलं त्यांच्या हाती लागली, हे मला ठाऊक होतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"मन्हा वखतले," त्या हळूच म्हणाल्या, "मन्हा जवळ कोणी असं बठनं नही."